थायरॉईडची गोळी : मात्रा कधी बदलावी?

कोनहून पनवेलला जाऊन रक्त तपासून आलेल्या भगिनी पंधरा दिवसांतच विचारतात, ‘डॉक्टर, टीएसएच अजून वाढलेलाच आहे, गोळी वाढवू का?’ मी नाही म्हणतो. थायरॉक्सिन शरीरातून निम्मे कमी व्हायला सुमारे 7 दिवस लागतात. बदललेली मात्रा रक्तात स्थिरावून पियूषिका ग्रंथीच्या टीएसएचवर तिचा परिणाम दिसायला 6 ते 8 आठवडे जातात. त्याआधीची तपासणी म्हणजे बहुधा पैसे वाया.

तरीही आकडा हलला नाही, तर मी आधी सकाळची दिनचर्या विचारतो. गोळी चहाबरोबर घेतली जाते, हे तेव्हा कळते! ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी; पुढे अर्धा ते एक तास चहाही नको. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या 4 तासांनंतर.

मात्रा वाढवायचीच झाली, तर बहुधा 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमने. वृद्ध हृदयरोग्यांत फार जपून. जास्त झाल्यास छाती धडधडते, झोप उडते, कालांतराने हाडे ठिसूळ होतात.

दिवस राहिल्यास मात्र 6 आठवडे थांबू नये. गरज पाव ते निम्म्याने वाढते, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटावे. गोळी बंद तर मुळीच करू नये.