चालता चालता बोलणं

रस्त्यात हाक मारली की आजोबा आधी थांबतात, मग बोलतात. १९९७ सालच्या एका स्वीडिश अभ्यासात असे थांबणारे वृद्ध पुढच्या सहा महिन्यांत अधिक पडल्याचं आढळलं. कारण शोधायचं तर चालत्या माणसाचा मेंदू पाहायला हवा; एमआरआयच्या बोगद्यात मात्र निश्चल पडावं लागतं. तिथे चालण्याची नुसती कल्पना करायला लावतात. (कल्पनेत कुणी अडखळत नाही!) अधिक खरी युक्ती टोपीची. तिच्यातला अवरक्तालगतचा प्रकाश कवटीतून आत जातो. तो किती शोषला गेला यावरून मेंदूच्या रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार कळतो. चालता चालता बोलायला लावलं, की कपाळामागचा भाग जास्त राबताना दिसतो. पावलांचा ताल मेरुरज्जू धरू शकतो, हे मांजरांत १९११ सालीच दिसलं होतं. पण समोरचा खड्डा हेरायला वरचा मेंदू लागतो, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तरही तोच शोधत असतो.