सकाळची भाजी, अकराची पेज

पुण्यातल्या एखाद्या जुन्या घरात संध्याकाळी सात वाजता विचारा, "घरात काय काय उरलंय?" उत्तर येईल, "सकाळची भाजी आहे वाटीभर." ही भाजी सकाळी कुणी खाल्लेली नसते, ती साडेबारा-एकच्या जेवणातली असते. तरी घर तिला दुपारची म्हणत नाही. सकाळची आमटी, सकाळच्या पोळ्या, सकाळचा भात. आणि त्यानंतर एकदम रात्रीचा स्वयंपाक. दुपार या हिशेबात नाहीच. कारण ज्या पिढीने ही भाषा घडवली ती पिढी साडेनऊला पाटावर बसून, भात-आमटी जेवून, दहाच्या कचेरीला आणि अकराच्या शाळेला जात होती. जेवण खरोखर सकाळचंच होतं. पुढे माणसं डबे घेऊन जायला लागली, जेवण दुपारवर सरकलं. शब्द मात्र पहिल्या वेळेला धरून राहिला.

गेली अनेक वर्षं मी जिथे जाईन तिथे लोकांना विचारत आलो आहे की दिवसातून कितीदा खाता, केव्हा खाता आणि त्या खाण्याला काय म्हणता. गावाची शेती, पाणी, बाजार, नोकऱ्या, एवढंच काय पण वीज कधी येते हेसुद्धा या उत्तरांतून कळत जातं. इतक्या उत्तरांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. जेवणाचं नाव ताटात काय वाढलंय यावरून पडत नाही, हातात काय काम आहे यावरून पडतं. काम बदललं की आधी वेळ सरकते आणि नाव एक-दोन पिढ्या मागून चालत येतं. कधी ते वाटेतच हरवतं.

थोडी पूर्वपीठिका. पहाटेपासून दुपारपर्यंतच्या खाण्याला मराठीत दोन मोठे शब्द आहेत, न्याहारी आणि नाश्ता. न्याहारी अस्सल आणि नाश्ता उपरा असं पुष्कळांना वाटतं, पण दोन्ही शब्द फारसी-अरबीच्या वाटेने आले आहेत. न्याहारीच्या मुळाशी दिवस या अर्थाचा 'नहार' आहे. दिल्ली-लखनौकडची निहारी याच घराण्यातली. न्याहारी आधी येऊन शेतात रुजली, नाश्ता मागून शहरात. कोल्हापूर-साताऱ्याकडे पाट्यांवर त्याचा 'नाष्टा' झाला. वेळा सरकण्याचा हा खेळ जगभर चालतो. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात डिनर भरदुपारी होत असे. पुढे वरच्या वर्गात ते सरकत सरकत रात्रीवर गेलं, पण उत्तर इंग्लंडच्या कष्टकरी घरांत दुपारचं जेवण अजूनही डिनर आणि संध्याकाळचं जेवण 'टी' असतं. असो. मला ज्याविषयी बोलायचं आहे ते खाणं सकाळी दहा-अकराचं.

दहा-अकराचं खाणं

हे खाणं शहरातून जवळजवळ नाहीसं झालं आहे, पण महाराष्ट्र आणि गोवा समजून घ्यायला याच्याइतकी चांगली खिडकी मला दुसरी माहीत नाही.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात ती पेजेची वेळ. पुण्या-नगरच्या माणसाला पेज म्हटलं की आजारपण आठवतं: भाताची निथळलेली पातळ खळ, तापातून उठलेल्याला किंवा तान्ह्या मुलाला पाजायची. कुडाळ-वेंगुर्ल्याकडची पेज हे धडधाकट माणसाचं खाणं आहे. लाल उकडे तांदूळ भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजतात, पाणी काढत नाहीत, वर मीठ. सोबत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर लोणचं, फणसाच्या दिवसांत फणसाची भाजी. गोव्यात चेपणीतलं तोर, म्हणजे मिठात दाबून ठेवलेली कैरी, किंवा आदल्या दिवशीची आटवलेली माशाची कढी.

इथे उकड्या तांदळाबद्दल थांबून बोललंच पाहिजे. भात टरफलासकट उकडतात, वाळवतात आणि मग कांडतात. उकडताना कोंड्यातल्या ब जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात उतरतो आणि दाणा टणक होतो. म्हणून तास-दीड तास शिजूनही पेजेतलं शीत अख्खं राहतं, लगदा होत नाही. आता कामाचं घड्याळ बघा. भातशेतीचा माणूस उजाडता उजाडता चिखलात उतरतो. अकरापर्यंत त्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं. पेज त्याला पाणी, मीठ आणि दम एकाच वाडग्यात परत देते, आणि पोट जड करत नाही. लगेच वाकून पुन्हा लावणी करता येते. भाकरी खाऊन असं वाकता येत नाही, असं मला वेंगुर्ल्याजवळच्या एका आजींनी सांगितलं होतं. त्यांच्या घरी दुपारचं जेवण दोनला होई, ते केवळ मधे पेज असे म्हणून. त्यांचा मुलगा कुडाळला बँकेत, तो आठला पोहे खाऊन जातो. नातवंडं मुंबईला, ती पेज म्हणजे गावाला गेल्यावर खायची गंमत समजतात. एकाच घरच्या तीन पिढ्यांची तीन घड्याळं मी पाहिली.

या पेजेची एक शाखा फार लांब गेली आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात आजाऱ्याला मिरं-जिरं घालून देण्याच्या भाताच्या पाण्याचा, कांजीचा उल्लेख केला आहे. दक्षिणेतला हा कांजी शब्द पोर्तुगीज भाषेत 'कांजा' होऊन गेला, आणि आज पोर्तुगालमध्ये आजाऱ्याला देतात त्या कोंबडीच्या सुपाचं ते नाव आहे. लिस्बनमध्ये सर्दी झालेल्या माणसासमोर जो वाडगा येतो, त्याचं नातं आपल्या किनाऱ्याशी आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

थोडं उत्तरेला रत्नागिरीच्या ब्राह्मणी घरांत पेजेऐवजी मऊभात, तूप आणि मेतकूट. इथेही तांदूळच, पण पाणी कमी, सोबत बदललेली; कारण काम बदललेलं. आठला मऊभात खाऊन बागेत, पूजेला किंवा शाळेत जाणाऱ्याला घामाचा हिशेब चुकवायचा नसतो.

घाट चढून वर आलं की तांदूळ संपतो आणि न्याहारी सुरू होते. बोलताना 'न्यारी'. ज्वारी-बाजरीची भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, असेल तर ताक. भाकऱ्या फडक्यात बांधून, पाटी डोक्यावर घेऊन घरची बाई बांधावर पोचायची. पहाटे जुंपलेलं औत ऊन चढलं की सोडायचं, बैलांना वैरण टाकायची आणि माणसांनी भाकरी सोडायची. जनावरांच्या विसाव्यावर माणसाच्या खाण्याची वेळ बांधलेली होती. म्हणून न्याहारीला घड्याळ लागत नव्हतं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि माझ्या पाहण्यात न्याहारी हा शब्द सर्वांत जलद तिथेच मावळला जिथे बैल आधी संपले. आता तिथला तरुण शेतकरी मोटारसायकलवरून फाट्यावर येतो आणि वडा-मिसळीचा नाष्टा करतो. रानात पाणी द्यायला विजेची पाळी रात्रीची असेल तर तो मध्यरात्री कधीतरी खातो, त्या खाण्याला काय म्हणतोस असं विचारलं तर तो म्हणतो, "लाईटवर आहे सगळं."

मराठवाड्यात आणि विदर्भातल्या पुष्कळ गावांत हा मधला थांबाच नाही. कोरडवाहू शेतीवर मजुरीला जाणाऱ्या बाया सकाळीच स्वयंपाक उरकून, जेवून निघतात. तिथे सकाळचं जेवण आणि संध्याकाळचं जेवण, बस्स. पुण्याच्या कारकुनाची आणि यवतमाळच्या मजूर बाईची भाषा 'सकाळच्या जेवणा'वर एक होते, हे लक्षात आलं तेव्हा मला फार नवल वाटलं. सांगलीकडे एका फडात बीडच्या ऊसतोड कामगार मावशींना मी विचारलं, तुमच्या जेवणाची वेळ काय. त्या म्हणाल्या, "गाडी भरली की भाकरी." पहाटे तीनला उठून थापलेली ती भाकरी. त्याहून नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांचाही उल्लेख इथे हवा. सूर्यास्तानंतर खायचं नाही हा नियम पाळणाऱ्या घरी रात्रीचं जेवण हा शब्दच लागू पडत नाही. तिथे संध्याकाळचं जेवण म्हणजे खरोखर संध्याकाळचं. विदर्भातला माणूस मात्र रात्री नऊच्या जेवणालाही संध्याकाळचं जेवण म्हणतो.

डबा, मेस आणि मोठी सुट्टी

गिरण्या आणि कचेऱ्यांनी मुंबईत जेवणाला भांड्याचं नाव दिलं. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये डबे पोचवण्याचा धंदा उभा केला. पुढे मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडची माणसं त्यात उतरली. "डबा खाल्ला" म्हणजे दुपारचं जेवण झालं. मग त्याच शब्दाने आणखी पाय पसरले: "डबा लावलाय" म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणाची सोय केली आहे. गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या गड्यांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायांनी एका परीने तिथल्या पाळ्यांचं घड्याळ सांभाळलं. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायांसाठी. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. खानावळीत जेवण कोणतं हे पाळीवरून ठरे. पुण्यात खानावळीची मेस झाली. टिफिन हा शब्द तर जागोजागी रूप बदलतो. मुंबईत तो डबा आहे, तमिळनाडूत तो इडली-डोशाचं खाणं आहे. चेन्नईत नोकरीला गेलेल्या मराठी मुलीला पहिल्या दिवशी शेजारीण "टिफिन झाला का?" असं विचारते तेव्हा ती नकळत आपली पिशवी बघते.

शाळांनीही शब्द घडवले. छोटी सुट्टी आणि मोठी सुट्टी. छोटीत खाऊ, मोठीत पोळी-भाजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शालेय पोषण आहार आला. देशभरातली मूळ योजना 15 ऑगस्ट 1995 ची. सरकारी कागदावर ते पोषण आहार असेल, मुलांच्या तोंडी ती खिचडी. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण मुलांनी तो स्वतः निवडला आहे. पूर्वी श्रावणी सोमवारी शाळा लवकर सुटत, मुलांना संध्याकाळी उपास सोडता यावा म्हणून. त्या दिवशीचं ते लवकरचं, केळीच्या पानावरचं जेवण सत्तरीच्या माणसाला नावानिशी आठवतं. आजच्या मुलाच्या वेळापत्रकात त्याला जागा नाही.

खाण्याच्या नावांत फराळाला वगळून कसं चालेल? माझ्या आजीच्या तोंडी फराळ हा आधी एकादशीचा होता: वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. दिवाळीचा म्हणताना ती दिवाळी हा शब्द जोडायची. माझ्या पुतणीसाठी फराळ म्हणजे चिवडा-चकलीच. एकादशीला ती 'उपासाचं' खाते. दोघींच्या मधल्या काळात घरातले उपास कमी झाले आणि दिवाळीची खोकी देशोदेशी जायला लागली. शब्द जिथे जास्त काम मिळालं तिथे राहायला गेला.

म्हणून लंच, डिनर, ब्रंच हे शब्द आले की मी घाबरत नाही. "लंच टाईमनंतर या" हे सरकारी कचेरीत केव्हाचं मराठी झालं आहे, आणि जळगावकडची भरीत पार्टी आणि सोलापूरकडची हुरडा पार्टी यांच्याइतकं मातीतलं काही नसतानाही त्यांनी पार्टी हा शब्द खुशाल वापरला. मला काळजी आहे ती वेगळीच. मधल्या वेळचं खाणं, न्याहारी, अकराची पेज हे शब्द गेले की ते खाणारे कुठल्या वेळी उठत, केव्हा थांबत, कुणासाठी भाकरी बांधून चालत जात, हेही पुसलं जातं. कष्टाच्या या वेळापत्रकाची नोंद दुसरीकडे कुठे फारशी झालेलीच नाही. शब्दकोश अर्थ देतो. वेळ आणि काम देत नाही.

दिवाळीत घर भरलेलं असतं. सर्वांत थोरल्या माणसाला आणि सर्वांत धाकट्या मुलाला शेजारी बसवा आणि दोघांनाही चारच प्रश्न विचारा. पहिलं खाणं केव्हा? त्याला काय म्हणता? ते होण्याआधी काय काम झालेलं असतं? आणि ते तुम्हाला कोण करून देतं? उत्तरं गावाच्या नावासकट वहीत उतरवा. शेवटचा प्रश्न मुळीच गाळू नका. या साऱ्या नावांमागे पहाटे आधी उठलेलं कुणीतरी आहे, आणि तिची नोंद आपण अजून केलेली नाही.