लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरांवर पास होता येतं, पण उरलेल्या ६ प्रश्नांचं काय?

अरुंद घाटरस्ता आहे. तुम्ही गाडी घेऊन उतरताय आणि समोरून दुसरी गाडी चढ चढत येतेय. दोन्ही गाड्या एकाच वेळी जाऊ शकतील एवढी जागा नाही. आधी कुणी जायचं?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत असे प्रश्न विचारले जातात. एखाद्याचं उत्तर चुकलं तरी फारसं बिघडत नाही, कारण पास व्हायला ६० टक्के पुरतात. म्हणजे १५ प्रश्नांपैकी ९ उत्तरं बरोबर हवीत. पण वरंधा किंवा आंबेनळी घाटात हाच प्रश्न खरोखर समोर उभा राहतो, तेव्हा ६० टक्क्यांचा हिशेब चालत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले १५ हजार २२४ मृत्यू महाराष्ट्रातले होते. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले, असं हाच अहवाल सांगतो.

म्हणूनच हे नियम नुसते पाठ करण्याऐवजी त्यांच्यामागची कारणं समजून घेतलेली बरी.

परीक्षा नेमकी कशी असते?

गियरची दुचाकी किंवा कार चालवायची असेल तर वय किमान १८ वर्षं हवं. ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीसाठी १६ वर्षं चालतं. अर्ज केंद्र सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर करायचा असतो. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या मदतीने घरबसल्या परीक्षा देण्याचीही सोय आहे.

प्रश्न तीन-चार विषयांवर असतात. वाहतुकीची चिन्हं आणि सिग्नल, रस्त्यावरचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची जबाबदारी आणि गाडीसोबत बाळगायची कागदपत्रं. सरावासाठी प्रश्नसंच पोर्टलवरच मिळतो.

सोय झाली तशी एक पळवाटही तयार झाली. घरी परीक्षा असल्यामुळे शेजारी बसलेला भाऊ उत्तरं सांगतो किंवा एजंटच सगळं उरकून देतो. लायसन्स हातात येतं, पण नियम कळलेले नसतात.

चिन्हं पाठ करू नका, आधी आकार बघा

चिन्हांची यादी लांबलचक असली तरी तिचं सूत्र सोपं आहे. गोल चिन्ह म्हणजे आदेश, ते पाळावंच लागतं. लाल कडेचा गोल बहुतेक वेळा मनाई किंवा मर्यादा सांगतो आणि निळा गोल काय करणं बंधनकारक आहे ते सांगतो. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना. पुढे वळण, शाळा किंवा अरुंद पूल आहे. चौकोनी पाटी माहिती देते, जसं की पेट्रोल पंप किंवा हॉस्पिटल.

याला दोन अपवाद लक्षात ठेवायचे. 'थांबा'चं चिन्ह अष्टकोनी असतं आणि 'रस्ता द्या'चं चिन्ह उलट्या त्रिकोणाचं असतं. या आकारांची दुसरी चिन्हं नसतात. त्यामुळे पाटी चिखलाने माखलेली असली, तरी नुसत्या आकारावरून ती ओळखता येते.

आधी कुणी जायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो. रस्त्यावर बऱ्याचदा ज्याची गाडी मोठी किंवा ज्याचा हॉर्न मोठा, तो आधी जातो. नियम मात्र वेगळं सांगतात.

घाटातल्या प्रश्नाचं उत्तर आहे, चढणाऱ्या गाडीने आधी जायचं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. क्लच आणि हँडब्रेकचा मेळ बसला नाही तर ती मागे घसरते आणि भरलेला ट्रक असेल तर धोका आणखी वाढतो. उतरणाऱ्या गाडीला मात्र थांबून पुन्हा निघणं सोपं जातं. म्हणून वाट उतरणाऱ्याने द्यायची.

सर्कलवर आपल्या उजवीकडून येणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्या गाड्या आपल्याला उजवीकडून येताना दिसतात. त्यांना बाहेर पडू दिलं तर सर्कल मोकळं राहतं. सगळेच आत घुसले, की कुणालाच बाहेर पडता येत नाही.

झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे. गाडी त्याच्या अलीकडच्या स्टॉप लाइनपाशी थांबली पाहिजे. पिवळा सिग्नल हा वेग वाढवण्याचा इशारा नाही. सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबायचंच. आणि अ‍ॅम्ब्युलन्स किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट दिली नाही, तर कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ब्रेक दाबला म्हणजे गाडी लगेच थांबली, असं होत नाही

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडीने दीड एसटी बसएवढं अंतर कापलेलं असतं. मोबाइलवरचा मेसेज बघायला दोन सेकंद मान खाली घातली, तर तीन एसटींएवढं अंतर रस्ता न बघताच पार होतं.

ब्रेक लागल्यावरही गणित सोपं नाही. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, ते चौपट होतं. पावसात ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं.

यावर एक साधा उपाय आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की सेकंद मोजायला सुरुवात करा. तुम्ही त्याच खांबापाशी पोचायला निदान दोन-तीन सेकंद लागले पाहिजेत. पावसाळ्यात त्याहून जास्त.

मागे बसणाऱ्यांचं काय?

२०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. त्यातले १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. कायद्यानुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मग तो गाडी चालवत असो वा मागे बसलेला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी सेफ्टी हार्नेस आणि हेल्मेट लागतं. मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही.

कारमध्येही मागच्या सीटवर बेल्ट बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं.

अपघात झालाच तर?

घाबरून पळून जाणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव चिडलेला असेल आणि तिथे थांबणं शक्यच नसेल, तर कायदा त्याचा विचार करतो. पण अशा वेळीही लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवावंच लागतं.

आणि अपघात दुसऱ्याचा असेल तर? चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. स्वतःचं नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. महाराष्ट्रात अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर आहेत.

पास झालात, पुढे काय?

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. ३० दिवसांनंतर आणि मुदत संपण्याआधी पक्क्या लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट देता येते. तोवर गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातलं 'एल' अक्षर लावावं लागतं. कार शिकताना लायसन्स असलेली व्यक्ती शेजारी हवीच. दुचाकीवर शिकवणाऱ्याशिवाय कुणालाही मागे बसवता येत नाही.

लायसन्स नसताना गाडी चालवली तर ५ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

परीक्षेआधी सराव करताना चुकलेले प्रश्न एका वहीत वेगळे लिहून काढा. पास झाल्यावरही ती वही टाकून देऊ नका. गाडी रस्त्यावर काढण्याआधी त्यातल्या प्रत्येक उत्तराचं कारण स्वतःला सांगता आलं पाहिजे.