एटीव्ही गाडीची निवड : काम आणि करमणूक

आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्या बागा डोंगरउतारावर आहेत, किंवा ज्यांनीं शेतावर पाहुण्यांसाठीं चार खोल्या बांधल्या आहेत, अशा कांहींनीं अलीकडे मला एकच प्रश्न विचारला : "एटीव्ही घ्यावी काय, आणि घ्यावी तर कोणती?" मी यंत्रशास्त्री नव्हे, महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. तथापि आमच्याच घरीं ही गाडी एकदां चुकीची घेतली गेली, तिचें मोल आम्हांस भरावें लागलें, आणि त्यानंतर मीं ह्या विषयाची मिळेल तेवढी माहिती मिळविली. ती वाचकांपुढें ठेवितों.

एटीव्ही म्हणजे फुग्यासारखे रुंद टायर असलेली, घोड्यावर बसावें तसें बसून मोटारसायकलीसारख्या मुठींनीं वळवावयाची, वाटेल तसल्या जमिनीवर चालणारी लहान गाडी. होंडा कंपनीनें १९७० सालीं अमेरिकेंत अशी तीनचाकी गाडी विकावयास काढली. ती वळणावर सहज कलंडे. अपघात फार झाले, आणि १९८८ सालीं तेथील सरकार व उत्पादक कंपन्या ह्यांच्यामध्यें न्यायालयांत तडजोड होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री बंद झाली. तत्पूर्वीच, १९८२ सालीं, सुझुकी कंपनीनें चारचाकी गाडी आणिली होती. आज बाजारांत दिसतात त्या गाड्या त्याच वळणाच्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील गुरेंमेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांनीं घोड्याऐवजीं ती कामास लावली. म्हणून ह्या गाडीचे गुणदोष जाणावयाचे तर त्यांचाच अनुभव पाहिला पाहिजे.

गाडीचे प्रकार.— पहिला प्रकार धावेचा. ही गाडी हलकी, मागल्या दोन चाकांच्याच बळावर चालणारी असते. वेगासाठीं व उड्यांसाठीं ती केलेली. तिच्यावर ओझें ठेवण्यास जागाच नसते. दुसरा प्रकार कामाचा. हिला पुढें व मागें लोखंडी कॅरिअर, ट्रेलर जोडण्याची सोय, बहुधा चारही चाकांस ओढ देण्याची व्यवस्था, आणि अनेक गाड्यांत ओझ्यासह चढउतार करण्यासाठीं निराळा लो गिअर असतो. वजन सुमारें २५० ते ३५० किलो. तिसऱ्या प्रकारांत दोन माणसें शेजारीं शेजारीं बसतात व मोटारीसारखें चाक धरून गाडी चालवितात. हिला 'साइड-बाय-साइड' म्हणतात. कावासाकी कंपनीची १९८८ सालीं निघालेली 'म्यूल' ही ह्याच प्रकारची. हिला आसनपट्टा, डोक्यावर संरक्षक सांगाडा व मागें माल भरण्याचा हौदा असतो. आतां, काम व करमणूक हीं दोन्हीं साधावयाचीं असतील, तर कामाच्या गाडीवर सावकाश फिरून करमणूक होते. पण धावेच्या गाडीकडून काम करवून घेतां येत नाहीं. हें आम्हांस फार उशिरां कळलें.

आमची चूक.— माझ्या पुतण्याची कोंकणांत डोंगरउतारावर आंब्याची बाग आहे. पाहुण्यांच्या हौसेकडे पाहून त्यानें धावेची एक जुनी गाडी घेतली. पुढें मजुरी वांचावी म्हणून तिच्या मागल्या बाजूस लोखंडी पट्ट्या जोडून त्यांवर फवारणीची टाकी बांधली. एके सकाळीं टाकी निम्मी भरलेली आणि पाठीशीं पाहुण्यांचा दहा वर्षांचा मुलगा, अशा स्थितींत तो बांधाचा चढ चढूं लागला. मुलगा म्हणाला, "काका, मला उतरवा, मी चालत येतों." त्याला उतरविलें, आणि पुढल्या वीस पावलांवर गाडी मागें उलटली. पुतण्याचें खांद्याजवळचें हाड मोडलें. मूल बचावलें तें केवळ स्वतःच्या भीतीमुळें. दोष गाडीचा नव्हता; जें काम तिचें नव्हे तें आम्हीं तिच्याकडून मागितलें होतें.

आधीं जमीन पहावी.— गाडी घेणारा मनुष्य प्रथम इंजिन केवढें तें विचारतो. मी म्हणतों, प्रथम आपली जमीन पहावी. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेलें असतें, आकार लिहिलेला असतो. उतार लिहिलेला नसतो. तो ज्याचा त्यानें मोजावा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन तिचें एक टोंक चढाच्या बाजूस जमिनीवर टेकावें, गवंड्याची पाणसळ ठेवून पट्टी सपाटींत आणावी, आणि दुसरें टोंक जमिनीपासून किती उंच राहिलें तें मोजावें.

ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें ११ ऑक्टोबर २०२१ पासून असा नियम लागू केला कीं, सामान्य उपयोगाची नवी एटीव्ही आडव्या कलावर सुमारें २८·८ अंशांच्या आंत, आणि उभ्या चढउतारावर सुमारें ३८·६ अंशांच्या आंत कलंडतां कामा नये. आपल्या पट्टीच्या मापानें हे उतार मीटरास ५५ व ८० सेंटिमीटर असे येतात. परंतु ही परीक्षा कलत्या फळीवर गाडी स्थिर ठेवून घेतात. शेतांत गाडी चालती असते, वरच्या चाकाखालीं दगड येतो, खालचें चाक खळग्यांत जातें, आणि पाठीवर ओझें असतें. म्हणून मीटरास २५ सेंटिमीटरांहून अधिक उतार जेथें असेल तेथून गाडी आडवी न्यावयाची नाहीं, असा नियम आम्हीं आमच्या बागेपुरता केला आहे.

ओझें.— कामाच्या मध्यम गाडीस पुढील कॅरिअरवर सुमारें ४० व मागील कॅरिअरवर सुमारें ८० किलो ओझें चालतें. नेमका आंकडा गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेला असतो. तो पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. डीएपी खताचें पोतें ५० किलोचें. तेव्हां मागें दोन पोतीं टाकलीं कीं मर्यादा ओलांडलीच. निम्मी भरलेली टाकी तर पूर्ण भरलेल्या टाकीहूनही दगाबाज. चढावर पाणी मागें धांवतें, वळणावर बाहेरच्या अंगास लोटतें. टाकी बसकी व आंतून आडव्या पडद्यांची असावी. जड माल ट्रेलरमध्यें घालावा. मात्र उतरतीवर भरलेला ट्रेलर गाडीस पुढें ढकलतो, हें विसरूं नये.

अंतर्रचना.— कांहीं गाड्यांत पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित योजना असते. ती चालविण्यास सोपी. परंतु ओझें घेऊन लो गिअर न टाकतां चढ चढल्यास पट्टा तापून झिजतो, व खोल पाण्यांत भिजल्यास घसरतो. दांतेरी चाकांच्या गिअरची गाडी अधिक कष्ट सोसते. कोणतीही घेतां, उतरतीवर इंजिनच गाडीस रोखून धरतें कीं नाहीं, हें स्वतः उतरून पहावें. मागील दोन चाकें एकाच अखंड एक्सलवर असल्यास ओढ चांगली मिळते व ओझ्याखालीं गाडी दबत नाहीं. पण ती वळावयास हट्टी असते. प्रत्येक चाकास निराळी स्प्रिंग असल्यास दगडाळ वाटेवर अंगास धक्के कमी बसतात. पण जड ओझ्यानें गाडीची मागची बाजू बसते. टायरांत हवा बहुधा ५ ते ७ पौंडच असते. एका बाजूस एक-दोन पौंड कमी झाली तरी गाडी त्या अंगास ओढते. म्हणून कमी दाब दाखविणारें मापक गाडीबरोबरच घ्यावें.

स्वार.— ह्या गाडीची बैठक लांब असते, ती दुसऱ्या माणसासाठीं नव्हे. चढावर पुढें झुकणें, उतरतीवर मागें सरणें, आडव्या कलावर वरच्या अंगास वजन टाकणें, ह्यासाठीं ती मोकळी ठेविलेली असते. मागें कोणी बसला कीं स्वाराची ही हालचाल खुंटते. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांस चालवूं देऊं नयेत, असें उत्पादक स्वतःच बजावतात. उलटलेल्या गाडीखालीं छाती दाबली जाऊन श्वास कोंडणें हें मृत्यूचें एक मोठें कारण आढळल्यावरून, वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन नियमानें सामान्य उपयोगाच्या प्रत्येक नव्या गाडीवर स्वाराच्या पाठीमागें संरक्षक कमान आवश्यक केली. आपण ती मागून घ्यावी. हेल्मेट तर पाहिजेच.

कायदा.— मोटार वाहन कायदा १९८८ अन्वयें नोंदणीवांचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं, आणि गांवची पाणंद ही आपल्या मालकीची नव्हे. अल्पवयीन मुलानें असा गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. पोलारिस कंपनीनें २०२० सालीं आपली एक एटीव्ही आपल्या देशांत ट्रॅक्टर म्हणून, नोंदणी होईल अशी, ७ लाख ९९ हजार रुपयांस विकावयास काढली होती. ह्याचा अर्थ सर्वच गाड्यांस नोंदणी मिळते असा नव्हे. विक्रेत्याच्या तोंडी वचनावर न जातां मंजुरीचा कागद पहावा.

कोणीं घेऊं नये.— शेत सपाट असेल आणि नांगरट व कोळपणी हींच मुख्य कामें असतील, तर एटीव्ही घेऊं नये. हिला बहुधा अवजार फिरविण्याचा दांडा नसतो, आणि लहान ट्रॅक्टर तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक काम देतो. जेथें वाट अरुंद, फेऱ्या पुष्कळ आणि ओझें हलकें, तेथेंच हिचा उपयोग. पाहुण्यांस बरोबर घेऊन फिरवावयाचें असेल तर साइड-बाय-साइड घ्यावी आणि पट्टा बांधूनच बसवावें.

पुतण्यानें जुनी गाडी विकून गेल्या वर्षीं कामाची गाडी घेतली आहे. तिच्या किल्लीशेजारीं भिंतीवर त्यानें तीन आंकडे लिहून ठेविले आहेत : उताराचे २५ सेंटिमीटर, मागल्या ओझ्याचे ८० किलो, आणि माणूस १. गडी असो वा पाहुणा, ते वाचल्याशिवाय किल्ली कोणास मिळत नाहीं. सभासदांनीं गाडी कोणतीही घ्यावी. मात्र असे तीन आंकडे आपल्या जमिनीवरून व आपल्या गाडीवरून आधीं काढावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.