‘आज नको, पुढच्या रविवारी या’ म्हटल्यामुळे घराचा सौदा हातचा कसा जातो?

उमेळ्यातला एखादा वन बीएचके विकायला काढलाय. फोटो वेबसाईटवर टाकलेत, दोन एजंटांना सांगून ठेवलंय, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजही गेलाय. आठवडाभर शांतता. आणि मग नेमका रविवारी सकाळी एजंटचा फोन येतो, “काका, पार्टी गोरेगाववरून निघालीये. तासाभरात पोहोचेल. घर दाखवता येईल ना?”

इकडे घरात पाहुणे आलेले असतात. कपडे वाळत घातलेले असतात. किंवा सगळे चर्चला निघालेले असतात. मग उत्तर जातं, “आज नको हो, पुढच्या रविवारी या.”

बोलायला साधं वाक्य. पण रिसेल घरांच्या बाजारात हे वाक्य फार महागात पडतं. का, तेच समजून घेऊ.

गिऱ्हाईक येतं कुठून आणि कसं?

नायगाव पश्चिमेच्या या पट्ट्यात घर बघायला येणारी बरीच मंडळी मुंबईच्या पश्चिम उपनगरांत किंवा मीरा-भाईंदरला भाड्याने राहणारी असतात. तिकडच्या किमती झेपत नाहीत, म्हणून ती वसईची खाडी ओलांडून येतात.

आता ही खाडीच सगळं गणित ठरवते. भाईंदर आणि नायगाव ही रेल्वेने लागूनची स्टेशनं. पण गाडी घेऊन यायचं तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून, मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मोठा वळसा पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई किल्ला ते भाईंदर रो-रो फेरी सुरू झाली, त्यामुळे एक पर्याय वाढला. तरी बहुतेकांचा भरवसा लोकलवरच.

त्यात नोकरदाराला घर बघायला सुट्टी मिळते ती रविवारी. आणि पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉकही बहुधा रविवारीच. अकराला पोहोचतो म्हणणारं कुटुंब साडेबाराला पोहोचतं, ते काही बेफिकीर असतं म्हणून नव्हे. लहान मूल कडेवर, सोबत आईवडील, आणि लोकल उशिराने, असा सगळा प्रवास करून ती माणसं तुमच्या दारात उभी असतात.

अशा माणसाला ‘पुढच्या रविवारी या’ सांगणं म्हणजे त्याचा अख्खा दिवस परत मागणं. बरेच जण तो देत नाहीत.

एका फेरीत तीन-चार घरं

एवढ्या लांब येणारा माणूस एकच घर बघून परत जात नाही. एजंट त्याला एका फेरीत तीन-चार घरं दाखवतो. एक उमेळ्यात, एक स्टेशनजवळ, एखादं पूर्वेला जूचंद्रकडे आणि जमलंच तर वसई गावात.

यातलं तुमचं घर बंद असेल तर फेरी थांबत नाही. उरलेली तीन घरं बघितली जातात. त्यातलं एक बरं वाटलं, भावात बसलं, की संध्याकाळपर्यंत टोकन दिलं जातं. तुमचं घर त्याच्यापेक्षा हवेशीर असेल, स्वयंपाकघर मोठं असेल, पण ते बघितलंच नाही तर तुलना होणार कशी?

दुसरा तोटा लगेच दिसत नाही. एजंटकडे एकाच भागातली अनेक घरं असतात. ज्या घराची चावी हाताशी आहे, ज्याचा मालक फोन उचलतो, ते घर तो आधी दाखवतो. दोन-तीन वेळा ‘आज नको’ ऐकलं की तुमचं घर त्याच्या यादीत आपोआप खाली सरकतं. तो तुम्हाला तसं सांगत नाही. फोन येणं फक्त कमी होतं.

दार बंद म्हणजे काहीतरी लपवतायत?

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मुद्दा सोपा होता. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि भाव पाडून मागतो. चांगल्या गाडीच्या मालकालाही मग त्याची झळ बसते. माहितीच्या या दरीवरच्या कामासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

घराचंही तसंच आहे. कर्टिस टेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलं की एखादं घर बाजारात जास्त दिवस पडून राहिलं, की त्यात काहीतरी दोष असणार असा अर्थ खरेदीदार काढू शकतात. आपल्याकडे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. “तीन महिने झाले, अजून विकलं नाही? काहीतरी भानगड असेल,” हे वाक्य कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं.

वसई-विरारमध्ये हा संशय जास्तच तीव्र आहे, आणि त्याला कारणं आहेत. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. पै-पै जमवून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऐन गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला.

त्यामुळे इथे घर घेणारा माणूस हल्ली फरशीचा रंग नंतर बघतो. आधी विचारतो, ओसी आहे का? बांधकाम परवानगी कुणाची? जमीन बिनशेती आहे का? कॉलमला तडे आहेत का? गच्ची बघू द्या, पार्किंग बघू द्या. अशा वातावरणात तुमची इमारत अधिकृत आणि भक्कम असेल तर ते दाखवणं हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. दार बंद ठेवलंत तर तुम्हीही संशयाच्या रांगेत जाता.

परत परत का येतात?

“एकदा बघितलं ना, आता पुन्हा कशाला?” हा विक्रेत्यांचा नेहमीचा वैताग. पण घर दुपारी वेगळं असतं आणि रात्री वेगळं.

दुपारी येणारा उजेड आणि वारा बघतो. संध्याकाळी येणारा स्टेशनवरून रिक्षा किती वेळात मिळते, गल्लीत दिवे आहेत का, पार्किंगला जागा उरते का, डास किती आहेत हे बघतो. पाण्याचा प्रश्न तर हमखास. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारसाठी १८५ दशलक्ष लिटरची योजना झाली, तिचं पाणी २०२३ च्या अखेरीस येऊ लागलं. पण ‘शहरात पाणी आलं’ आणि ‘आमच्या नळाला पाणी आलं’ यात फरक असतो. म्हणून एखादा खरेदीदार मुद्दाम पाणी सुटण्याच्या वेळी येतो. येऊ द्या. नळ सोडून दाखवा. त्याने जेवढं काम होतं तेवढं दहा फोटोंनी होत नाही.

पावसाळ्याचंही तसंच. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडली, ते लोक विसरलेले नाहीत. जुलैत कुणी ‘घर बघायला येऊ का’ म्हटलं तर ‘पाऊस थांबला की या’ सांगू नका. तुमच्या इमारतीखाली पाणी साचत नसेल तर पावसाळ्याइतका चांगला मुहूर्त नाही. आणि साचत असेल, तर ते आधी कळलेलं बरं. टोकन घेतल्यावर कळलं तर सौदाही मोडतो आणि भांडणही होतं.

शिवाय आपल्याकडे घर एकटा माणूस घेत नाही. पहिल्यांदा नवरा येतो, मग बायको, मग गावाहून सासू-सासरे, मग वास्तू बघणारे गुरुजी. दुसऱ्यांदा फोन आला की समजा, माणूस गंभीर आहे. वैतागायची वेळ ती नव्हेच.

थांबण्याचा खर्च किती?

समजा घरावर २० लाखांचं कर्ज शिल्लक आहे आणि व्याजदर साडेआठ टक्के आहे. महिन्याला साधारण १४ हजार रुपये फक्त व्याजाचे जातात. वर मेंटेनन्स. तीन महिने विक्री लांबली तर ४२ हजारांच्या वर. ‘भाव ५० हजारांनी कमी करणार नाही’ म्हणून अडून बसणारे हा हिशेब सहसा करत नाहीत.

त्याहून मोठा विषय आयकराचा. दोन वर्षांहून जास्त काळ जवळ असलेलं घर विकून नफा झाला, तर तो दुसऱ्या घरात गुंतवून कर वाचवता येतो. त्याला मुदत असते. नवं घर जुन्या घराच्या विक्रीआधी एक वर्षाच्या आत किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घेतलेलं हवं. बांधत असाल तर विक्रीनंतर तीन वर्षं.

अनेक जण नवं घर आधी घेतात आणि जुनं निवांत विकू म्हणतात. पण मग जुनं घर वर्षाच्या आत विकलं गेलंच पाहिजे. नाही तर समजा १५ लाख नफा झाला, त्यावर साडेबारा टक्के दराने १ लाख ८७ हजार ५०० रुपये कर आणि वर सेस. ‘पुढच्या रविवारी’ करत करत वर्ष उलटलं तर ही रक्कम खिशातून जाते. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, तेव्हा सीएला आधीच विचारलेलं चांगलं.

सरकारी सवलतीही तारखेला बांधलेल्या असतात. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्क्यांची सूट दिली, पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची. ४० लाखांच्या घरावर डिसेंबरात १ लाख २० हजार वाचत होते, जानेवारीत ८० हजार. अशा काळात खरेदीदार आठवडाभर थांबत नाही, शेजारच्या इमारतीत जातो. दरवर्षी रेडी रेकनरचे नवे दर १ एप्रिलच्या सुमारास येतात, तेव्हा मार्चमध्येही अशीच घाई असते. उलट पितृपक्षात सगळं थंड असतं आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत फोन वाढतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याही घरी गडबड असते, पण गिऱ्हाईक तेव्हाच असतं.

घरात भाडेकरू असेल तर?

इथे लवचिकता मालकाच्या एकट्याच्या हातात नसते. भाडेकरूच्या घरात मालकाने वाटेल तेव्हा माणसं घेऊन जाणं योग्य नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने घरात येण्याआधी किमान २४ तास कळवावं असं म्हटलंय. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण नियम म्हणून तो चांगला आहे.

करार करतानाच ‘विक्रीसाठी घर दाखवावं लागलं तर आदल्या दिवशी कळवू’ असं कलम टाकून घ्या. आठवड्यातल्या दोन वेळा भाडेकरूलाच ठरवू द्या. काही मालक त्या महिन्याचं भाडं थोडं कमी करतात. नाराज भाडेकरू दारातच ‘इथे पाण्याचा फार त्रास आहे हो’ म्हणाला, तर तुमचा सौदा तिथेच संपतो.

लवचिक म्हणजे दार सताड उघडं नव्हे

अमेरिकेत घराच्या दाराला चावीची कुलूपबंद पेटी लावतात आणि मालक घरी नसताना एजंट घर दाखवतो. आपल्याकडे ते जमणं कठीण. पण काही गोष्टी सहज जमतात.

• आठवड्यातल्या तीन वेळा पक्क्या करा. उदाहरणार्थ बुधवारी रात्री आठ ते नऊ, शनिवारी संध्याकाळ आणि रविवारी अकरा ते दोन. रविवारी सकाळी चर्च किंवा पूजा असेल तर ती वेळ आधीच वगळून सांगा.

• ‘नाही’ म्हणायचं असेल तर लगेच दुसरी वेळ द्या. ‘आज दुपारी नाही, पण संध्याकाळी सहाला चालेल’ याने माणूस तुटत नाही.

• एक चावी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे ठेवा. घर रिकामं असेल तर हे करायलाच हवं.

• ओसी, करारनामा, मेंटेनन्सची पावती, वीजबिल यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये तयार ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

• घरात एकटं कुणी असेल तर अनोळखी माणसाला आत घेऊ नका. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा. दागिने, पैसे, बँकेची कागदपत्रं कपाटात कुलूपबंद.

• घर न बघताच ‘टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

आणि टोकन मिळालं म्हणजे दार दाखवणं संपलं असंही नाही. खरेदीदार कर्ज घेत असेल तर बँकेचा माणूस घराचं मूल्यांकन करायला येतो. तो नोकरीच्या वेळेत, म्हणजे मंगळवारी दुपारी बारालाही येऊ शकतो. कर्जाच्या मंजुरीपत्राला मुदत असते, त्यामुळे इथे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटलं तर ठरलेला सौदाही लोंबकळतो. त्या दिवशी अर्धी रजा टाकावी लागली तर टाका.