वऱ्हाड, विदर्भ आणि झाडी : प्रदेशनामांचा घरचा व बाहेरचा वापर

पुण्या-मुंबईकडील मनुष्य नागपूरच्या रहिवाशास सहज ‘वऱ्हाडी’ म्हणून जातो. नागपूरकरास ते रुचत नाही. कारण त्याच्या लेखी वऱ्हाड हे वर्धा नदीपलीकडे, पश्चिमेस आहे. हा निव्वळ मानीपणा नव्हे. नागपूर हे भोसल्यांचे राज्य होते, तर वऱ्हाड निजामाच्या सत्तेखाली होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात गेले व १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. तरीही ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ ह्या जोडनावात त्याचे वेगळेपण उरलेच. आजचा अमरावती विभाग, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे पाच जिल्हे, हाच स्थूलमानाने तो वऱ्हाड होय.

‘विदर्भ’ हे नाव पुराणप्रसिद्ध आहे. दमयंती व रुक्मिणी ह्या विदर्भाच्याच राजकन्या. आज ते नाव अकराही जिल्ह्यांस लागू आहे. परंतु ते शासनव्यवहारात, वृत्तपत्रांत व परप्रांतीयाशी बोलताना अधिक येते. अकोल्याचा गृहस्थ मुंबईत ‘मी विदर्भातला’ असे सांगेल, नागपुरात ‘वऱ्हाडातला’ म्हणेल, आणि अमरावतीस गेला म्हणजे थेट गावाचे नाव घेईल. ऐकणारा जितका दूरचा, तितके नाव मोठे!

बाहेरच्यांस वऱ्हाड म्हणजे काळी जमीन व कापूस एवढेच ठाऊक असते. तेथील शेतकरी मात्र पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या भागास ‘खारपाणपट्टा’ म्हणतो, आणि उत्तरेच्या डोंगराळ मुलखास ‘मेळघाट’. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरचा पूर्वभाग ही ‘झाडी’ अथवा ‘झाडीपट्टी’. तेथे भात पिकतो, जुने तलाव आहेत, बोलीही निराळी आहे. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर चालणारी तेथील नाटके ‘झाडीपट्टी रंगभूमी’ ह्याच नावाने ओळखली जातात. त्यांना ‘वऱ्हाडी नाटके’ म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

बदलून आलेल्या शिक्षकाची अडचण येथेच होते. ‘तुझा प्रदेश कोणता?’ ह्या प्रश्नास मुलाने ‘झाडी’ असे लिहिले आणि त्यावर तांबडी रेघ ओढली गेली, तर घरी रोज ऐकलेले नाव शाळेत चूक असते, एवढेच ते मूल शिकेल. व पुढे विचारल्याखेरीज बोलणार नाही. ‘पूर्व विदर्भ’ हे उत्तर बरोबर, आणि ‘झाडी’ हेही बरोबर. प्रश्नच ‘शासकीय विभाग कोणता?’ व ‘तुमच्याकडे ह्या भागास काय म्हणतात?’ असा दोन ठिकाणी विभागून विचारावा.

नकाशा भरताना जिल्ह्यांच्या सीमा रेषेने दाखवाव्यात. लोकनामे मात्र रेषेवाचून, नुसती अक्षरे पसरून लिहावीत. झाडी अमुक मैलाच्या दगडाशी सुरू होते, असे कोणी सांगू शकणार नाही. खारपाणपट्टा कोठवर आहे, हे गावकरी विहिरीच्या पाण्याच्या चवीवरून सांगतात.