मीटर खरा, जागा खोटी

खडकवासला धरणातून पुणे शहरानं नेमकं किती पाणी उचललं, यावरून महापालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालत आला आहे. वादाचं माप टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. समजा वर्षाला १५ टीएमसी उचललं, तर मोजणीतली दोन टक्क्यांची चूकसुद्धा ८५ लाख घनमीटरच्या घरात जाते. मग ‘सगळ्यात अचूक मीटर बसवा’ ही मागणी ओघानं येतेच. पण ती अर्धवट आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली अचूकता प्रयोगशाळेतली असते. प्रत्यक्षात ती कोणता द्रव आहे आणि मीटर कुठे बसवला आहे यावर ठरते.

बंद नळातल्या पाण्यासाठी विद्युतचुंबकीय मीटर उत्तम, याबद्दल फारसं दुमत नाही. त्यामागचा नियम फॅरेडेचा, १८३१ सालचा: चुंबकीय क्षेत्रातून वीजवाहक पदार्थ सरकला की वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब निर्माण होतो. (१८३२ मध्ये खुद्द फॅरेडेनं लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीवर हा प्रयोग करून पाहिला आणि तो फसला, तेव्हाची उपकरणं तेवढी संवेदनशील नव्हती.) नळात आडवं काहीच येत नाही, त्यामुळे दाब वाया जात नाही आणि गाळाची भीती कमी. पण हाच मीटर डिझेलच्या नळावर बसवला तर काहीच दाखवणार नाही, कारण डिझेल वीज वाहून नेत नाही. शिवाय साधा विद्युतचुंबकीय मीटर फक्त वेग मोजतो आणि नळ पूर्ण भरलेला आहे असं गृहीत धरून त्याला क्षेत्रफळानं गुणतो. नळ अर्धवट भरलेला असेल तर आकडा फुगतो. मीटरच्या अलीकडेच वळण किंवा व्हॉल्व्ह असेल तर पाणी भोवरे घेत येतं आणि वाचन बिघडतं. म्हणून साधारण नळाच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी आधी सोडावी लागते. मीटरभर व्यासाच्या नळाला पाच मीटर. गजबजलेल्या रस्त्याखाली एवढी मोकळी जागा मिळवणं हे मीटर विकत घेण्याहून कठीण काम आहे.

उघड्या कालव्यात तर नळच नसतो. तिथे प्रवाहाला एका अरुंद गळ्यातून नेतात. गळ्यात पाणी असा वेग घेतं की पुढच्या पातळीचा मागच्या पातळीवर परिणाम उरत नाही. मग फक्त मागची उंची वाचली तरी प्रवाह कळतो. याला स्टँडिंग वेव्ह फ्लूम म्हणतात. त्यावरचं महत्त्वाचं काम क्लॉड इंग्लिस यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात केलं. त्यांचा निबंध १९२८ चा. पुढे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे ते प्रमुख होते. वीज लागत नाही, हलता भाग नाही. मात्र खालच्या बाजूला पाणी तुंबलं की हे गणित कोसळतं.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट कोरिऑलिस मीटर का नको? कंप पावणाऱ्या नळ्यांच्या पिळावरून तो थेट वस्तुमानच मोजतो. तापमान बदलो की घनता, फरक पडत नाही. सीएनजी किलोवर विकला जातो, तिथे हे तंत्र चपखल बसतं. पण नळाचा व्यास वाढतो तसा त्याचा आकार आणि किंमत भयंकर वाढते, आणि शहराच्या मुख्य जलवाहिन्यांएवढ्या मापात तो मिळतच नाही. उलट जुनी ऑरिफिस चकती बाद झाली, असंही नाही. नळात भोकाची चकती घालायची आणि दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाचायचा. भोसरीच्या कारखान्यांत बॉयलरच्या वाफेवर ती किंवा भोवरे मोजून प्रवाह सांगणारा व्होर्टेक्स मीटर आजही योग्य ठरतो, कारण विद्युतचुंबकीय मीटरला वाफ कळत नाही. चकतीची मापं आंतरराष्ट्रीय मानकानुसार असतील तर प्रत्येक नग वेगळा तपासून घ्यावा लागत नाही. तिची खरी अडचण वेगळी: प्रवाह निम्मा झाला की दाबातला फरक एक चतुर्थांशावर येतो. म्हणून कमी प्रवाहात ती चाचपडते.

घरगुती मीटरबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे: नळाला पाणी येण्याआधीच तो फिरतो. पाणी दिवसातून काही तासच सोडलं की मधल्या वेळेत नळात हवा भरते. पाणी येताना ती पुढे ढकलली जाते आणि चक्राच्या मीटरवर तिची नोंद लिटरमध्ये होते. यावर महागडा मीटर हा अर्धाच उपाय. नळ कायम भरलेला राहिला, तर साधा चक्राचा मीटरही बऱ्यापैकी खरं सांगतो. त्यामुळे चोवीस तास पुरवठा आधी की मीटर आधी, या भांडणात मोजणीचं शास्त्र पुरवठ्याच्या बाजूनं कौल देतं.